दुकानात हसणारी काच घरी गप्प का होते?

प्रश्न : नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही डोंबिवलीत नव्या घरी राहायला आलो. हॉलमध्ये पाच फूट रुंद, सहा फूट उंच शोकेस करून घेतली. आत काचेच्या चार फळ्या, वर एक पांढरी ट्यूब. त्यात माझ्या आवडीच्या काचेच्या वस्तू मांडल्या आहेत. मुलाने व्हेनिसहून आणलेली मुरानोची निळी सुरई आहे, फिरोझाबादचा लाल हंस आहे, वडिलांच्या टेबलावरचा बुडबुडे असलेला गोल पेपरवेट आहे. वाईचा वाडा विकला तेव्हा झुंबर भावाभावांत वाटलं गेलं, त्यातले चौदा लोलक आमच्या वाट्याला आले. ते अजून डब्यातच आहेत. वाड्यातलंच काचेवर रंगवलेलं गजलक्ष्मीचं जुनं चित्र आहे. शिवाय मी क्लासला जाऊन केलेली रंगीत काचेची मोराची चौकट. आता अडचण अशी, की सगळंच मेल्यासारखं दिसतं. ती सुरई दुकानात हसत होती म्हणे, घरी आली आणि गप्प झाली. इलेक्ट्रिशियन म्हणतो बारा फोकस लावू. यांचं म्हणणं, रंग बदलणारी पट्टी लावू. बहीण म्हणते मागे आरसा लाव. दिवाळीच्या आत काम संपवायचं आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, इलेक्ट्रिशियनला चार दिवस थांबायला सांगा. आज रात्री जेवणं आटोपली, की हॉलमधले सगळे दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि ती निळी सुरई टेबलावर ठेवा. आधी टॉर्च तिच्या तोंडावर मारा, म्हणजे तुम्ही जिथे बसला आहात तिथूनच. सुरईवर एक पांढरा ठिपका चमकेल आणि बाकीची सुरई काळपट राहील. आता टॉर्च तिच्या मागे न्या आणि मध्ये एक पांढरा कागद धरा. प्रकाश कागदातून येऊ द्या. मग टॉर्च खाली, बुडाशी लावा. मग एका बाजूने. प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद नुसतं बघत बसा.

ही सुरई हसते कशी, ते तुम्हाला तिथेच कळेल. माझं अर्धं उत्तर एवढंच आहे.

आपण लाकडी मूर्ती किंवा पितळी समई उजळतो, त्याच सवयीने काच उजळायला जातो. मूर्तीवर प्रकाश पडतो आणि तो उलटून आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून मूर्ती दिसते. स्वच्छ काचेवर समोरून सरळ पडलेल्या प्रकाशातला जेमतेम चार टक्के पुढच्या पृष्ठभागावरून परततो, तितकाच मागच्यावरून. बाकीचा आरपार निघून जातो. त्यामुळे काच अशी दिसतच नाही. दिसतं ते तिच्या मागे जे असेल ते, तिच्या आकारातून वाकून आलेलं. तुमच्या शोकेसला मागे कोणता सनमायका आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण बहुतेक घरांत असतो तसा गडद तपकिरी असेल, तर सुरई त्या तपकिरीतून निळी दिसायचा प्रयत्न करते आहे. दुकानात तिच्यामागे नक्कीच काहीतरी उजळलेलं होतं. पांढरी भिंत असेल, नाहीतर खिडकी.

म्हणून प्रश्न किती दिवे लावायचे हा नाही. प्रत्येक वस्तूच्या मागे काय ठेवायचं, उजेड की अंधार, हे आधी ठरवा. दिवा त्यानंतर ठरतो. तुमच्या सहा वस्तूंची उत्तरं सहा वेगळी निघतील, आणि म्हणूनच बारा फोकसचा बेत मला पटत नाही. बारा फोकस वरून सगळ्यांवर सारखेच पडतील. वरच्या फळीवरच्या वस्तूंच्या सावल्या खालच्या फळीवर येतील आणि सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत बारा ठिपके टोचतील.

सुरईपासून सुरुवात करू. रंगीत आणि पारदर्शक काचेला मागे उजळलेला फिका पडदा लागतो. शोकेसच्या मधल्या दोन फळ्यांमागे हस्तिदंती किंवा मोतिया रंगाचा, चकाकी नसलेला पत्रा लावून घ्या. त्याच्या दोन्ही कडांना उभ्या एलईडी पट्ट्या लपवा, त्यांचं तोंड वस्तूंकडे नको, मागच्या पत्र्याकडे हवं. पत्रा उजळेल आणि सुरई त्या उजेडापुढे उभी राहील. मुरानोच्या कामात पुष्कळदा एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवलेला असतो. तुमच्या सुरईत तसा थर असेल तर मागचा उजेड लागताच आतली कड वेगळ्या रंगाने उमटेल. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या काचभट्ट्या १२९१ साली मुरानो बेटावर हलवल्या. आगीची भीती हे त्याचं एक कारण. तिथल्या कारागिरांचं पुष्कळसं काम काचेच्या जाडीत असतं, नुसतं वरच्या नक्षीत नाही. समोरून मारलेला फोकस त्या जाडीपर्यंत पोहोचत नाही.

बुडाखालून दिवा लावायचा मोह होईल, कारण टॉर्चने ते फार सुंदर दिसतं. लावा, पण दिव्याची चकती सुरईच्या बुडापेक्षा लहान हवी. मोठी असली की कडेने उजेड सांडतो आणि नजर सुरईवर न जाता त्या सांडलेल्या उजेडावर जाते. सुरईचं तोंड उघडं असेल तर ती खालच्या फळीवरही नको, उभ्या माणसाला वरून थेट दिवा दिसेल. बसल्यावर आपले डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार-चार फुटांवर असतात. त्या उंचीच्या किंचित वरची फळी तिच्यासाठी ठेवा.

आता रंगाबद्दल. इथेच सर्वांत जास्त घरं चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काच स्वतः रंग तयार करत नाही. आलेल्या प्रकाशातला आपला रंग ती पुढे जाऊ देते आणि बाकीचे अडवते. तुमचा लाल हंस फक्त लाल पुढे सोडतो. दिव्यातच लाल कमी असेल तर हंसाने सोडायचं काय? बाजारातला साधा पांढरा एलईडी मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन पांढरा केलेला. निळं त्यात भरपूर असतं आणि गडद लाल फारच थोडं. त्या उजेडात फिरोझाबादचा लाल विटेसारखा दिसतो, कधी तर तपकिरीच. वस्तू खराब नसते. तिला हवा तो खुराक मिळालेला नसतो.

दुकानात गेलात की खोक्यावर दोन आकडे बघा. एक केल्व्हिनचा : २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ४००० म्हणजे साधारण तटस्थ, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. तुमच्या शोकेसमधली ट्यूब ६५००ची असणार, कारण आपल्याकडे घरोघरी तीच असते. दुसरा आकडा सीआरआयचा. दिवा रंग किती खरे दाखवतो, ते त्यावरून कळतं. ८०वर समाधान मानू नका, ९० किंवा त्याहून जास्त मागा. दुकानदार म्हणेल, ताई काही फरक पडत नाही. तेव्हा लाल हंस पिशवीतून काढा आणि दोन्ही दिव्यांखाली धरा. मी खरंच वस्तू घेऊन दुकानात जाते आणि तुम्हीही जावं असं मला वाटतं. साडीचा रंग बघायला आपण दुकानाबाहेर उजेडात जातो, हेही तेच आहे.

लाल, केशरी, मधाळ पिवळी काच ३०००च्या उजेडात खुलते. निळ्याचं उलट. कोबाल्टच्या गडद निळ्याला २७००च्या पिवळ्या उजेडात खायला फारसं मिळत नाही, तो मंद आणि जरा जांभळट होतो. त्याला ४००० द्या. म्हणजे सुरई आणि हंस एका फळीवर, एका दिव्यात ठेवू नका. एक फळी ४०००ची आणि दुसरी ३०००ची केलीत तर लांबून विसंगत दिसेल का, अशी शंका येईल. दोन्ही पट्ट्या मागच्या पत्र्याआड लपलेल्या असल्या आणि फळ्यांच्या मध्ये एक लाकडी आडवी पट्टी असली की ते खटकत नाही. मला तर ते आवडतं. सकाळ आणि संध्याकाळ एका कपाटात.

रंग बदलणाऱ्या पट्टीबद्दलचं उत्तर यातच आलं. निळा उजेड आला की लाल हंस काळा ठिक्कर होईल, लाल आला की सुरई विझेल. तुम्ही जपलेले रंग ती पट्टी दर दहा सेकंदांनी पुसेल. यांना गणपतीच्या मखरासाठी ती पट्टी जरूर लावू द्या, तिथे ती शोभते. शोकेसमध्ये नको.

आरशाचंही नको म्हणेन. मागे आरसा लावला की वस्तूच्या मागे उजेड राहत नाही. तिथे तुमचा हॉल दिसतो, समोरचा टीव्ही दिसतो, वस्तूंची पाठ दिसते आणि लपवलेला दिवाही दिसतो. शोकेस भरलेली वाटते हे खरं, पण एकेक वस्तू बघता येत नाही.

पेपरवेटला मात्र मागे अंधार हवा. आतले बुडबुडे म्हणजे काचेत अडकलेली हवा. फिक्या पार्श्वभूमीवर ते दिसतात न दिसतात. मागे गडद निळं किंवा काळपट हिरवं कापड, बाजूने किंवा खालून एक बारीक दिवा, आणि वस्तूवर समोरून काहीच नाही, असं केलं की प्रत्येक बुडबुडा चांदीच्या मण्यासारखा उमटतो. सगळ्यात खालच्या फळीचा एक कोपरा असा गडद करून घ्या. टॉर्चने आधी करून बघा, काळी शाल मागे धरून.

या पेपरवेटबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगते. तो खिडकीत, गॅलरीत, किंवा जिथे थेट ऊन येतं अशा टेबलावर कधीही ठेवू नका. माझ्याकडे संत्र्याएवढा भरीव काचेचा गोळा होता. पश्चिमेच्या खिडकीत तो छान दिसतो म्हणून मी तिथे ठेवला. डिसेंबरातली दुपार होती, सूर्य खाली आलेला, आणि स्वयंपाकघरात मला करपल्याचा वास आला. गॅसवर काही नव्हतं. बाहेर येऊन बघते तर गोळ्याखालच्या विणलेल्या रुमालावर बोटभर लांब तपकिरी रेघ उठली होती आणि तिच्या टोकाला धुराची बारीक सुतळी. सूर्य सरकत होता तसा तो तापलेला ठिपकाही सरकत होता. मी घरात होते म्हणून निभावलं. शाळेत भिंगाने कागद जाळायचो, तेच हे. भरीव गोळा, पाण्याने भरलेली गोल फुलदाणी, जाड गोल पेपरवेट, सगळी भिंगंच आहेत. हिवाळ्यात ऊन तिरपं येऊन घरात खोलवर पोहोचतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत एकदा दिवसभर लक्ष ठेवा, की शोकेसच्या कोणत्या फळीपर्यंत ते येतं.

लोलकांना हे भय नाही, त्यांचे पैलू सपाट असतात. आणि ताई, ते चौदा लोलक डब्यात ठेवू नका. तुमच्या पत्रातलं खरं धन मला ते वाटतं.

झुंबराच्या लोलकांसाठी जी काच वापरत, तिच्यात पुष्कळदा शिशाचं ऑक्साइड मिसळलेलं असे. ही रीत इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. शिशाने काच जड होते, प्रकाश जास्त वाकवते आणि त्यातले रंग एकमेकांपासून लांब फाकवते. पण हे दिसायला दिवा लहान हवा. वाड्यात झुंबरात मेणबत्त्या असत. ज्योत बोटाच्या पेराएवढी, वाऱ्याने हलणारी. लोलकाच्या प्रत्येक पैलूत त्या ज्योतीचा एकेक बारीक तुकडा दिसायचा, हवा आली की तुकडे लुकलुकायचे. त्याच लोलकासमोर चार फुटी ट्यूब लावली की प्रत्येक पैलूत एक पांढरी पट्टी दिसते आणि सगळं राखाडी होऊन जातं. झुंबरं ट्यूबलाइटच्या जमान्यात निस्तेज दिसू लागली त्यामागे धुळीइतकाच याचाही हात आहे.

तुमच्या सहा वस्तूंपैकी लोलक एकटेच असे, की ज्यांना खरोखर फोकस लागतो. एकच लावा, तीन वॅटचा, अरुंद झोताचा, १५ अंशांचा. दुकानात सरसकट ३६ किंवा ६० अंशांचा देतात, तो नको. पितळेची किंवा शिसवी रंगाची एक आडवी दांडी घ्या, लोलक तंगुसाने वेगवेगळ्या उंचीवर टांगा आणि मागे भिंत गडद ठेवा. किंवा याहून सोपं, दिवे न लावता : पूर्वेची खिडकी असेल तर तिच्यात टांगा. सकाळी साडेसात-आठला ऊन आलं की समोरच्या भिंतीवर सप्तरंगी कवडसे पडतील. वाड्यात मेणबत्तीने जे होई ते सूर्य फुकट करून देईल. घरात लहान मूल असेल तर ते भिंतीवरचे कवडसे पकडायला धावेल, तेव्हा खुर्च्या आधी बाजूला घ्या. तंगूस मात्र उन्हाने दोन-तीन वर्षांत कडक होऊन तुटतो. दर दिवाळीला बदला.

गजलक्ष्मीचं चित्र हा यातला सगळ्यात नाजूक मामला आहे आणि त्याच्याबाबत मी तुम्हाला घाई करू देणार नाही. काचेवर उलटं रंगवायची ही कला अठराव्या शतकात चीनमधून आपल्याकडे आली आणि सातारा, म्हैसूर, तंजावर, कच्छ असल्या ठिकाणी रुजली. तुमचं चित्र वाईचं, म्हणजे साताऱ्याच्या अंगणातलंच. चितारी काचेच्या मागच्या बाजूने रंगवतो आणि उलट्या क्रमाने. आपण कागदावर आधी चेहऱ्याचा रंग भरतो आणि शेवटी डोळे काढतो. इथे डोळ्यातली बाहुली आधी, बांगड्या-नथ आधी, मग चेहरा, मग साडी, सगळ्यात शेवटी मागचं आकाश. एकदा चुकलं की पुसायला वाव नाही. म्हणून त्या चित्राकडे बघताना आपण चिताऱ्याच्या पहिल्या रेषा सर्वांत वर बघत असतो.

याला मागून दिवा कधीच लावू नका. रंग जाड आहे, त्यातून उजेड जात नाही. जाईल तो फक्त जिथे रंग उडाला आहे तिथून, आणि लक्ष्मीच्या अंगावर पांढरे भोसके दिसतील. शिवाय दिव्याची ऊब पाठीला लागली की जुना रंग काचेपासून सुटायला लागतो. त्याला समोरून, वरून, सौम्य उजेड हवा. दागिन्यांच्या जागी मागून बेगड लावलेली असेल (पुष्कळ चित्रांत असते) तर तुम्ही हॉलमधून चालाल तशी ती लकाकेल. तेवढ्यासाठी दिवा चित्राच्या एका बाजूला थोडा सरकवा, अगदी मधोमध नको.

पण काच समोर आहे, म्हणजे चकाकी येणार. ती टाळायला एक सोपी युक्ती आहे. चित्र भिंतीवर लावण्याआधी, त्याच जागी कुणाला तरी सपाट आरसा धरायला सांगा आणि तुम्ही सोफ्यावर नेहमीच्या जागी बसा. आरशात ज्या ठिकाणी छत किंवा भिंत दिसते तिथे दिवा लावायचा नाही, कारण तो दिवा चित्राच्या काचेतही तसाच दिसेल. आरशात जे दिसत नाही ते ठिकाण दिव्याचं. साधारणपणे दिव्याचा झोत उभ्या रेषेपासून ३० अंश कलता असला की चकाकी जमिनीकडे जाते. पण मोजत बसण्यापेक्षा आरसा खरा बोलतो.

चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका. डोंबिवलीच्या पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि काचेवरच्या रंगाचा ओल हा पहिला शत्रू. आतल्या भिंतीवर लावा, फ्रेमच्या पाठीला चारी कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळेल. मागचा रंग पोपडे धरत असेल तर फ्रेमवाल्याकडे उघडायला देऊ नका. जुनी चित्रं सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. पुण्यात गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेवरची चित्रं बघा आणि मग आपलं बघा. मला खात्री आहे तुम्ही आपल्या लक्ष्मीपुढे जास्त वेळ उभ्या राहाल.

मोराच्या चौकटीचं उत्तर लक्ष्मीच्या नेमकं उलट : तिला फक्त मागूनच उजेड हवा. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधल्या ग्रंथालयात दिवसा जा. आत उभं राहिलं की खिडक्यांच्या काचा पेटलेल्या असतात. बाहेर मैदानावर येऊन त्याच काचा बघा, काळ्या-करड्या दिसतात. उजेड ज्या बाजूला कमी त्या बाजूने ही काच बघायची असते. तुमची चौकट शोकेसमध्ये फळीला टेकवून ठेवली आहे, म्हणून तिचा मोर दिसत नाही. दिवसासाठी तिची जागा खिडकी. संध्याकाळी खिडकीबाहेर अंधार पडला की ती विझणार, आणि आपण नोकरीवरून येतो तेव्हाच नेमका अंधार असतो.

त्यासाठी एक उथळ लाकडी खोका करून घ्या. मागे पांढरा रंग, आत चारी कडांना पट्टी, पुढे तीन मिलिमीटरचा दुधी ॲक्रिलिक आणि त्याच्या पुढे तुमची चौकट. आकाशकंदील बनवताना बल्ब कागदाला चिकटला तर एकच झगझगीत डाग दिसतो आणि बाकीचा कंदील मंद राहतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. तीच काळजी इथे घ्या. पट्टीवरच्या दोन दिव्यांमध्ये जितकं अंतर, किमान तितकं तरी दिवे आणि दुधी पत्रा यांच्यात ठेवा, नाहीतर मोराच्या पिसाऱ्यातून दिव्यांच्या मण्यांची माळ दिसेल. तीन-चार इंच खोली असली की निश्चिंत. हल्ली मणी न दिसणारी सलग उजेडाची पट्टी मिळते, सीओबी म्हणून मागा. शोकेसमध्येही तीच चांगली, कारण चकचकीत काचेत प्रत्येक मण्याचं प्रतिबिंब उठतं.

वायरिंगचं थोडक्यात. शोकेस, लक्ष्मी आणि मोर यांची बटणं वेगळी ठेवा. उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावणार असाल तर दिवे डिमरला चालणारे आहेत का ते आधी विचारा. साधे असले की लुकलुकतात. बारा व्होल्टची पट्टी पाच मीटरहून लांब एका टोकाने जोडू नका, दुसरं टोक मंद पडतं. तिचा अडॅप्टर शोकेसच्या आत बंद कप्प्यात कोंबायचा नाही, त्याला हवा लागते. एलईडीचा उजेड गार असतो पण त्याची पाठ तापते, म्हणून पट्टी लाकडावर सरळ न चिकटवता ॲल्युमिनियमच्या खाचेत बसवा. आणि जोड सेलोटेपने नकोत, कोण कितीही म्हणालं तरी.

एवढं सगळं झालं आणि वर हॉलची मोठी ट्यूब चालू राहिली, तर सगळं पाण्यात. काच आजूबाजूच्या मंद उजेडातच बोलते. शोकेसमधला उजेड हॉलच्या उजेडापेक्षा तीन ते पाचपट तरी हवा, आणि तो वाढवून नव्हे, हॉलचा कमी करून. संध्याकाळी ट्यूब घालवून कोपऱ्यात एक पिवळा दिवा ठेवायची सवय लावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचायला, निवडणं-टिपणं करायला उजेड लागतो, तो त्यांच्या खुर्चीपाशी वेगळा द्या.

उजेड नीट पडला की धूळ आणि बोटांचे ठसेही नीट दिसतात, त्याची तयारी ठेवा. माझी आजी ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच रोज तिन्हीसांजेला चुलीतल्या राखेने पुसायची. काच लखलखली नाही तर वात कितीही चढवा, उजेड पडत नाही, म्हणायची. राख मात्र तुमच्या वस्तूंना नको, चरे पडतील. प्लास्टिकच्या टबात तळाला जुना टॉवेल, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, आणि एका वेळी एकच वस्तू. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, नळाच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग उजेडात फार दिसतात. लक्ष्मीच्या मागच्या बाजूला पाणी, कापड, काहीच लावायचं नाही. पुढची काच कोरड्या मऊ फडक्याने, बस्स.

दिवाळीत शोकेसमध्ये किंवा मुरानोच्या सुरईजवळ पणती ठेवू नका. जाड काच एका बाजूने तापली आणि दुसरीकडे गार राहिली की तडकते.

आता कामाचा क्रम. या आठवड्यात रात्री टॉर्च घेऊन बसा, यांनाही बसवा. टॉर्च त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही सोफ्यावरून सांगा, जरा खाली, जरा मागे. प्रत्येक वस्तूचं काय आवडलं ते वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात मागचे पत्रे बदलून घ्या, एक भाग फिका, खालचा कोपरा गडद. मग इलेक्ट्रिशियनला वही दाखवा. माझ्या हिशोबाने बाराऐवजी तुम्हाला लागतील फळ्यांमागच्या पट्ट्या, सुरईखाली एक चकती, पेपरवेटला एक बारीक दिवा, लोलकांना एक, लक्ष्मीला एक आणि मोराचा खोका. खोक्याला सुताराचे दिवस लागतील, तो दिवाळीनंतर झाला तरी चालेल. मोर तोवर खिडकीत ठेवा.

लोलक मात्र उद्याच डब्यातून काढा. धुऊन, पुसून, निदान एक तरी पूर्वेच्या खिडकीला टांगा.